तांदूळ मोजायचा की भात?

प्रश्न : घरी वजनकाटा आणल्यापासून मी रोजच्या जेवणाच्या कॅलरी वहीत लिहून ठेवते. तांदळाच्या पिशवीवर १०० ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी छापल्या आहेत, मोबाइलमधील अ‍ॅप मात्र १०० ग्रॅम भाताला १३० दाखवते. ताटातला १५० ग्रॅम भात मी ५२५ कॅलरींचा धरत आले आणि त्या धास्तीने रात्रीचा भात बंदच केला. पास्त्याचाही हाच गोंधळ होतो. खरा आकडा कोणता?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, पिशवीवरचा कोरड्या तांदळाचा आहे आणि अ‍ॅपमधला शिजलेल्या भाताचा. शिजताना दाण्यातले पिष्ट पाणी शोषून फुगते आणि वजन अडीच ते तीन पट होते, पण पाण्यात कॅलरी नसल्यामुळे तांदळात होत्या तेवढ्याच कॅलरी आता जास्त वजनात विखुरतात. कोरड्याचा आकडा भाताला लावल्याने तुमच्या वहीत जवळजवळ तिप्पट कॅलरी चढल्या आणि त्यापायी तुम्ही अर्धपोटी राहिलात, याचे मला फार वाईट वाटते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर रात्रीचा भात पुन्हा सुरू करावा.

अ‍ॅपमधला आकडाही सरासरीचाच असतो, कारण तुमचा भात मोकळा की आसट हे त्याला कळत नाही. म्हणून कुकरच्या रिकाम्या भांड्याचे वजन एकदा लिहून ठेवा आणि तांदूळ कोरडाच मोजा. समजा, २०० ग्रॅम तांदळाचा ५६० ग्रॅम भात झाला, तर ७०० कॅलरी त्या ५६० ग्रॅमांत आहेत, म्हणजे १०० ग्रॅमला १२५. तुमच्या वाढणीला १९०च्या आत. पेज काढून टाकत असाल, तर थोडे पिष्ट तिच्याबरोबर जाते, पण ती प्यायलात तर हिशेबात धरावी.

पास्ता साधारण दुप्पट ते अडीच पट होतो आणि जास्त शिजवला तर आणखी पाणी धरतो, त्यामुळे तोही कोरडाच तोलावा. वरणात पाणी प्रत्येक घरी वेगळे पडते, तेव्हा तिथे वाटी न मोजता डाळ मोजणे उत्तम. भाकरीचे उलट होते : तव्यावर पाणी उडून ती मळलेल्या गोळ्यापेक्षा हलकी होते, म्हणून पीठच मोजावे. भातावरचे तूप मात्र वेगळे लिहायला विसरू नका. पाच ग्रॅमच्या एका चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात.