कागदाशिवाय नेलं, कागदाशिवाय सोडलं

प्रश्न : पूर्व पुण्यातल्या एका वस्तीत मी शिकवणी घेते. शेजारी फासेपारधी कुटुंबं राहतात. गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला साध्या वेशातले तीन पोलीस आले आणि 19 वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. दुपारी कुठेतरी मंगळसूत्र ओढलं गेलं होतं म्हणे. "पारध्याचाच पोरगा, यालाच माहीत असणार," असं सगळ्या गल्लीसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सोडलं. कोऱ्या कागदावर सही घेतली, हातात काही दिलं नाही. त्याला बसताही येत नव्हतं. चौकीच्या दारात मी मोबाईलवर शूटिंग केलं तर "ऑफिशियल सिक्रेट्स लावू" अशी धमकी दिली. त्याची आत्या म्हणते, तक्रार केली तर जुन्या घरफोड्या याच्या नावावर घालतील. वस्तीतली पोरं म्हणतात, चौकीवर मोर्चा नेऊ. मी व्हिडिओ डिलीट करू का? आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, व्हिडिओ अजिबात डिलीट करू नका. पोलीस ठाणं हे सरकारी गुपितांच्या, म्हणजे ऑफिशियल सिक्रेट्स कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये दिला आहे. तुम्ही तर दारातच उभ्या होता. मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरवलेली प्रत दाबली जाते, तारीख-वेळेचा तपशील गळतो. पुढे कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र द्यावं लागेल, तेव्हा मूळ फोन हाताशी हवा. पोलिसांनी फोन मागितलाच तर पंचनामा करायला सांगा आणि पोच घ्या.

आता मुलाचं. पत्र वाचून झाल्या झाल्या त्याला ससून रुग्णालयात न्या आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी जखमांची वैद्यकीय नोंद, करायची आहे असं सांगा. डॉक्टर विचारतील तेव्हा "पडलो" म्हणू नये. कुणी, कुठे, कशाने, किती वाजता मारलं ते त्याने स्वतःच्या शब्दांत सांगावं आणि तसंच लिहून घ्यायला लावावं. काठीचा वळ नीट पाहिला तर दोन समांतर लाल रेघा दिसतात, मधली कातडी फिकी राहते. पडल्याने असा वळ उठत नाही. पण दिवस जातील तसा तो हिरवट, मग पिवळा होतो आणि पंधरवड्यात पुसला जातो. तळपायावर मारलं असेल तर वरून फारसं काही दिसणारही नाही, म्हणून चालताना कुठे दुखतं तेही सांगायचं. घरी उजेडात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. त्या दिवशीचा शर्ट-पँट धुतला नसेल तर कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्हाला काहीच कागद दिला नाही, ही. अटक केली असती तर अटक पंचनामा, साक्षीदाराची सही, कारणांची माहिती, नातेवाइकाला खबर, 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं हे सगळं बंधनकारक होतं. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच हे सांगितलं, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यातही आहे. नुसती चौकशी करायची होती तर त्याच संहितेच्या कलम 35(3) ची लेखी नोटीस द्यायची होती. यातलं काही नसेल, तर ते साडेसोळा तास बेकायदा डांबून ठेवलेले ठरतात. आणि ते तास सिद्ध करायला ठाण्यातला सीसीटीव्ही आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण 18 महिने, निदान वर्षभर तरी जपायला सांगितलं आहे. "मंगळवार रात्री 11 ते बुधवार संध्याकाळी 5 पर्यंतचं चित्रण आणि स्टेशन डायरी जपून ठेवावी" असा दोन ओळींचा अर्ज आजच पोलीस आयुक्त आणि उपायुक्तांना ईमेल करा, स्पीड पोस्टानेही पाठवा. पावती सांभाळा. कोऱ्या कागदावरच्या सहीचा उल्लेख त्याच अर्जात आला पाहिजे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या कागदावर उद्या काय लिहिलं जाईल ते तुमच्या हातात नाही.

आत्याबाईंची भीती मी उडवून लावणार नाही. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणात राहिली, हजेरी देत राहिली. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, पण चोरी झाली की पहिला दिवा पारध्याच्या पालावर पडतो, हे अजून गेलेलं नाही. तरीही त्यांना सांगा, गप्प राहिलेल्यांच्या पोरांनाही पुन्हा पुन्हा उचललेलं मी पाहिलं आहे. तक्रार आधी नोंदलेली असेल आणि मग जुनी घरफोडी निघाली, तर कोर्टाला त्या दोन तारखा शेजारी शेजारी दिसतात. पुढच्या वेळी बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागा आणि वकिलाला सोबत न्या.

तक्रारीत कलमं घालायची घाई करू नका, हकीकत लिहा. कबुलीसाठी मारहाण म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 120, सात वर्षांपर्यंत शिक्षा. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, म्हणून ॲट्रॉसिटी कायदाही लागतो. जातीवरून अपमान केल्याच्या कलमाला तो लोकांसमोर झालेला असावा लागतो. चौकीच्या बंद खोलीतली शिवी त्यात बसवणं अवघड जातं, गल्लीतलं वाक्य बसू शकतं. ते वाक्य कुणी कुणी ऐकलं? प्रत्येकाकडून आठवतं तसं, एकमेकांना न विचारता, लिहून घ्या. जातीचा दाखला नसला तरी तक्रार अडत नाही, पण काढायला टाका. ठाण्याने गुन्हा घेतला नाही तर उपायुक्तांना लेखी कळवा, मग शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आरोपी सरकारी नोकर असल्याने तिथे आधी वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो, वेळ लागतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मध्ये पोलिसांवरच्या खटल्याला सहा महिन्यांची मुदत आहे. ती चुकली की पुढे फार जड जातं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं.

आणि मोर्चा. पोरांचा राग खरा आहे आणि मोर्चा हा त्यांचा हक्क आहे. पण पुण्यात त्याच पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चे मनाई आदेश वरचेवर लागू असतात. परवानगीशिवाय चौकीवर गेलात, धक्काबुक्की झाली, की सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा वस्तीतल्या दहा जणांवर लागतो. त्यात कुणी भरतीची तयारी करणारा असेल तर त्याचं सगळं थांबतं. म्हणून आधी कागद, मग रस्ता. परवानगीचा अर्ज द्या, जागा मोकळी निवडा, घोषणा आधी ठरवा.

कागदाने काय होतं, असं पोरं विचारतील. 1972 मध्ये विदर्भात मथुरा या आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयातून पोलीस सुटले. 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातल्या वसुधा धागमवार पुणे विद्यापीठातल्या. ते पत्र घेऊन देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

वकिलाच्या फीची काळजी नको. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. तक्रारदार म्हणून नाव मुलाचं, साक्षीदार तुम्ही आणि आत्या. आत्याबाईंना सही येत नसेल तर अंगठा चालतो. मजकूर आधी पूर्ण वाचून दाखवा, आणि अंगठा घेताना शेजारी उभ्या असलेल्या दोघांची नावं-सह्या खाली घ्या.