पेपरवेट तुमचं, पण फोटो कोणाचा?

प्रश्न : मी हाताने घडवलेली काचेची पेपरवेट जमवतो आणि त्यांची माहिती फोटोंसह इंटरनेटवर टाकतो. काही फोटो माझे आहेत, काही विक्रेत्यांच्या जाहिरातींतून घेतलेले. त्या प्रत्येक फोटोखाली विक्रेत्याचं नाव दिलं आहे. आता एका विक्रेत्याच्या वकिलाची नोटीस आली आहे : ११ फोटो काढा, १५ दिवसांत भरपाई द्या, नाहीतर फौजदारी कारवाई करू. त्यातली ७ पेपरवेट मी त्यांच्याकडूनच विकत घेतलेली आहेत. दुसरीकडे, माझ्याच एका फोटोचा वॉटरमार्क कापून कोणीतरी तो भलतंच पेपरवेट विकायला वापरतो आहे. काय करावं?

उत्तर : आधी कटू भाग सांगतो. पेपरवेट विकत घेतल्याने त्याचा फोटो तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती, आणि कलम १७ नुसार सर्वसाधारणपणे पहिली मालकीही तिचीच. पावतीवर किंवा पत्रव्यवहारात फोटोबद्दल काही लिहिलेलं नसेल, तर त्या ७ फोटोंवर तुमचा हक्क उरलेल्या ४ फोटोंइतकाच, म्हणजे काहीच नाही. नाव दिलंत हे योग्यच केलंत, पण श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं कायदा मानत नाही.

‘काच तर १८४८ सालची, मग हक्क कसला?’ हा बचावही चालणार नाही. बाकारा या फ्रेंच काच कारखान्याच्या जुन्या मिलेफिओरी (रंगीत काचकांड्यांच्या तुकड्यांनी फुलांसारखी नक्षी केलेल्या) पेपरवेटवरचा हक्क केव्हाच संपला असेल, पण त्याच्या आज काढलेल्या फोटोचा हक्क स्वतंत्र आहे आणि तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. त्यातून घुमटाकार काचेचा फोटो हे कसबाचं काम. काच भिंगासारखी वागते, खिडकी, दिवा, कॅमेरा सगळं तिच्यात उमटतं. प्रकाश कुठून द्यायचा आणि आतल्या कांड्या कोणत्या कोनातून स्पष्ट दिसतील हे ठरवावं लागतं. कॉपीराइटला लागणाऱ्या मौलिकतेसाठी कौशल्य आणि निवड हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी’ प्रकरणात म्हटलं. अशा फोटोत ती सहज दाखवता येते.

आता नोटीस. ती बाजूला ठेवू नका आणि घाबरून लगेच पैसेही भरू नका. आधी त्या ११ पानांचे, पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल असे, पूर्ण स्क्रीनशॉट घ्या. मग फोटो उतरवा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण फोटो किती आकाराचा होता आणि खाली काय लिहिलं होतं हे पुढे तुम्हालाच सिद्ध करावं लागू शकतं. उतरवायला वेळ लावू नका. कलम ६३ खालच्या गुन्ह्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, पण त्यासाठी उल्लंघन जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. नोटीस हातात पडल्यावरही फोटो तसेच ठेवलेत, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. व्यापारी फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं.

उत्तर मुदतीच्या आत पाठवा. त्यात ‘कोणतीही जबाबदारी मान्य न करता आणि आमचे सर्व हक्क अबाधित राखून फोटो उतरवले आहेत’ असं स्पष्ट लिहा. पुढे चार गोष्टी मागा : प्रत्येक फोटो कोणी काढला, मूळ फाइल कुठे आहे, काढणारा दुसरा असेल तर विक्रेत्याकडे हक्क कसा आला, आणि भरपाईचा आकडा कशावरून काढला. हे प्रश्न वेळकाढूपणाचे नाहीत. मोबदला देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम देणारा ठरतो. पण पेपरवेटच्या आधीच्या मालकाने स्वतः काढून पाठवलेला फोटो विक्रेत्याने जाहिरातीत लावला असेल, तर लेखी आणि सहीच्या हस्तांतरणाशिवाय तो विक्रेत्याचा होत नाही. असे फोटो ११ मध्ये निघाले तर मागणी तेवढी घटते. उरलेल्यांसाठी वाजवी परवाना शुल्क देऊन लेखी तडजोड करणं, माझ्या मते, खटल्यापेक्षा बरं. तडजोडीत ‘या फोटोंबाबत मागचा कोणताही दावा शिल्लक नाही’ हे वाक्य हवंच. निराधार धमकीविरुद्ध कलम ६० आहे, पण समोरच्याकडे हक्कच नाही हे दिसल्याशिवाय ते वापरू नका.

११ पैकी एखादा फोटो तुम्ही चिकित्सेसाठी वापरला असेल, तर तो वेगळा काढा. उदाहरणार्थ, ‘हे बाकारा म्हणून विकलं गेलं, पण कांड्यांची रचना जुळत नाही’ असं लिहून नेमका तो भाग दाखवला असेल, तर कलम ५२ मधल्या टीका-समीक्षेच्या अपवादाचा आधार घेता येतो. नुसत्या शोभेसाठी लावलेल्या फोटोला तो मिळत नाही. स्वतःच्या संगणकावरच्या खासगी नोंदवहीत विक्रेत्यांचे फोटो ठेवायला मात्र हरकत नाही. खासगी वापर आणि संशोधन त्याच कलमात येतं.

तुमच्या चोरलेल्या फोटोबद्दल : ‘पेपरवेट माझं आहे’ एवढ्याने भागणार नाही. आतले बुडबुडे आणि कांड्यांची मांडणी जुळली, तर वस्तू तीच एवढंच कळतं. फोटो तोच आहे हे घुमटावरच्या प्रतिबिंबांवरून कळतं. दिव्याचा ठिपका आणि खिडकीची चौकट त्याच जागी, त्याच आकाराची असेल, तर दुसरा कोणी वेगळा फोटो काढल्याचा दावा टिकत नाही. कॅमेरा थोडा सरकला तरी हे सगळं हलतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून ही ठिकाणं बाणांनी दाखवा. कॅमेऱ्यातली मूळ फाइल संपादन न करता जपा. न्यायालयात गेलात तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग असतात : एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेला, बोटाच्या ठशासारखा ओळखीचा संकेतांक) नोंदवायचं असतं.

तक्रार आधी विक्रीच्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या अर्जावर करा. बहुतेकदा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ खाली लेखी तक्रार आहे : कामाचं वर्णन, तुमच्या मालकीचा पुरावा, उल्लंघन कुठे आहे त्याचा पत्ता आणि २१ दिवसांत सक्षम न्यायालयात दावा करून आदेश सादर करण्याची हमी. त्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत पावलं उचलायची असतात, पण २१ दिवसांत आदेश आणला नाहीत तर फोटो परत दिसू शकतो. म्हणून दाव्याची तयारी असल्याशिवाय ही वाट धरू नका. वॉटरमार्कमध्ये तुमचं नाव होतं, तर तो जाणूनबुजून काढण्यावर कलम ६५ ब लागू शकतं. हेही तक्रारीत लिहा.

तुमच्या स्वतःच्या फोटोंतही एक बाजू तपासायची राहते. हयात कलाकाराचं पेपरवेट ही त्याची कलाकृती असू शकते, आणि त्रिमितीय कलाकृतीचं द्विमितीय चित्रण हा कलम १४ नुसार त्याचा हक्क. संग्रहालयात कायमस्वरूपी मांडलेल्या वस्तूच्या फोटोला कलम ५२ मध्ये सूट आहे, तात्पुरत्या प्रदर्शनातल्या वस्तूला नाही. संग्रहालयाने स्वतः काढलेल्या फोटोंच्या अटी प्रत्येक फोटोखाली वाचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त वस्तूंचे आपले फोटो खुले केले आहेत, पण हा सगळीकडचा नियम नव्हे.

यापुढे खरेदी करतानाच विक्रेत्याला किंवा कलाकाराला ईमेल करा : ‘या पेपरवेटचे सोबतचे फोटो, आपल्या नावासह, माझ्या संग्रहाच्या माहितीसाठी इंटरनेटवर जगभर, हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी, विनामोबदला वापरण्यास आपली परवानगी आहे का? हे फोटो आपणच काढले आहेत का?’ ‘जगभर’ आणि ‘संपूर्ण मुदत’ गाळू नका. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असं धरलं जातं. ‘हो’ असं उत्तर आलं की ते त्या पेपरवेटच्या पावतीबरोबरच जपून ठेवा.