‘स्नायूंत चरबी’: रिपोर्टमधील एका ओळीने घेतलेला धसका

कंबरदुखीसाठी आमच्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळजण एमआरआयचा रिपोर्ट डॉक्टरांच्याही आधी स्वतः वाचून आलेले असतात. पूर्वी त्यांची भीती ‘मणक्यात गॅप आहे’ किंवा ‘गादी सरकली आहे’ एवढ्यापुरती असे. आता तिच्यात ‘मल्टिफिडस स्नायूंमध्ये फॅटी इन्फिल्ट्रेशन’ (मणक्यांलगतच्या स्नायूंत चरबी दिसणे) या ओळीची भर पडली आहे. बँकेत काउंटरवर काम करणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या एक बाई याच ओळीमुळे माझ्याकडे आल्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती ओळ त्यांनी लाल पेनाने दोनदा अधोरेखित केली होती. “मॅडम, माझ्या स्नायूंची चरबी झाली म्हणे. आता दुखणं वाढतच जाणार ना?” हा त्यांचा पहिला प्रश्न. अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यांना नीट तपासले होते. पायांतील ताकद व संवेदना शाबूत होत्या आणि शस्त्रक्रियेचे काही कारण नव्हते. तरीही रिपोर्ट हाती आल्यापासून त्यांनी जमिनीवर बसणे आणि भाजीची पिशवी उचलणे सोडले होते, कंबरेचा पट्टा झोपेतही काढत नव्हत्या आणि वरणभातावरचे तूप बंद केले होते. सोबत आलेल्या यजमानांचा त्यांना पाठिंबाच होता.

तुपाचा गैरसमज आधी दूर करावा लागला. मल्टिफिडस हे मणक्यांना लगटून असलेले खोलवरचे स्नायू आहेत, आणि त्यांच्यात दिसणारी चरबी म्हणजे ताटातून थेट तेथे जाऊन साचलेला मेद नव्हे. वय वाढते, स्नायूंचा वापर कमी होतो, कधी त्यांना चेतना पुरवणाऱ्या मज्जातंतूला इजा झालेली असते किंवा पाठीवर शस्त्रक्रिया झालेली असते. अशा वेळी स्नायुतंतू रोडावतात आणि त्यांच्या जागी चरबी दिसू लागते. अंगाने सडपातळ असलेल्या माणसातही ती आढळते. एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रात चरबी पांढरी आणि स्नायू करडा दिसतो. बाईंची फिल्म प्रकाशपेटीवर लावून आमच्या फिजिओथेरपिस्टनी त्यांना त्या पांढऱ्या रेघा दाखवल्या आणि त्यांच्या भोवतीचा भरपूर करडा भागही दाखवला. “एवढा स्नायू शिल्लक आहे?” असे त्या म्हणाल्या, तेव्हा त्या सर्वस्व गेल्याच्या समजुतीत किती दिवस वावरत होत्या हे माझ्या ध्यानात आले.

मग या चरबीचा दुखण्याशी काहीच संबंध नाही का? असे सांगून धीर देणे सोपे होते, पण ते खरे नव्हते. डेन्मार्कमधील 40 वर्षे वयाच्या 412 प्रौढांचा आणि 13 वर्षांच्या 442 मुलांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 81 टक्के प्रौढांच्या मल्टिफिडसमध्ये काही ना काही चरबी होती, आणि जिथे ती फार होती तिथे कंबरदुखीचा इतिहासही ठळकपणे अधिक होता. मुलांमध्ये मात्र तसा संबंध आढळला नाही. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्याने एकीमुळे दुसरी झाली असे ठरत नाही: दुखण्यामुळे हालचाल घटून चरबी वाढलेली असू शकते, किंवा स्नायू दुबळा झाल्याने दुखणे वाढलेले असू शकते, किंवा दोन्हींचे मूळ तिसरेच असू शकते. शिवाय चाळिशीतल्या पाचांपैकी चौघांत जे दिसते, त्यावरून एखादीचे भवितव्य वाचता येत नाही. माझ्या मते रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी ‘या वयात हे सामान्यतः आढळते’ एवढे वाक्य जोडले, तर माझे निम्मे काम कमी होईल.

बाईंच्या बाबतीत खरी अडचण भीतीची होती, कारण चरबीला भिऊन त्या नेमका स्नायूंचा वापरच थांबवत होत्या. हे त्यांना पटल्यावर सोडून दिलेल्या कामांची यादी त्यांनीच केली आणि सर्वांत कमी भीतीच्या कामापासून सुरुवात झाली: आधी पट्ट्याशिवाय झोपणे, मग अर्धी भरलेली पिशवी, मग पाटावर बसून उठणे. व्यायाम फिजिओथेरपिस्टनी ठरवले. दुखले की पूर्ण विश्रांती न घेता वजन किंवा वेळ कमी करायची, एवढा नियम माझ्याकडून होता. यजमानांना मी पिशवी हातातून काढून न घेण्याचे काम दिले, आणि ते त्यांना बाईंच्या व्यायामापेक्षा अवघड गेले. पुढे दुखणे पूर्ण गेले नाही, पण रजा घेण्याची वेळ क्वचितच येऊ लागली आणि तूपही पानात परतले.

शेवटच्या भेटीत त्यांनी चरबी कमी झाली का हे पाहण्यासाठी पुन्हा एमआरआय करू का, असे विचारले. डॉक्टरांनी नको म्हटले, कारण दुखणे कमी होऊनही चित्र तसेच राहू शकते आणि ते पाहून उपचार बदलणार नव्हते. मात्र पायात नवी कमजोरी येणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेच्या भागात बधिरपणा येणे, तापासह कंबर दुखणे किंवा कारणाशिवाय वजन उतरणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात जायचे, हे त्यांना रिपोर्टच्याच मागे लिहून दिले.