रोजचे चूर्ण, उपवासाचा फराळ आणि न पचणारे दूध

प्रश्न : माझे वय ६४ असून मी निवृत्त शिक्षक आहे. गेली बरीच वर्षे रात्री कोमट पाण्यातून रेचक चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. एखाद्या दिवशी ते चुकले तर दिवसभर जडपणा जाणवतो. रक्तदाबाची आणि कॅल्शियमची गोळी चालू आहे. ही सवय सुटेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बहुतेकांची सुटते, मात्र ती एकदम तोडू नये. प्रथम आपल्या चूर्णाच्या डब्यावरील घटक वाचावेत. बाजारातील बऱ्याच रेचक चूर्णांत सोनामुखी असते. तिच्यातील द्रव्यांवर मोठ्या आतड्यातील जंतूंची प्रक्रिया झाली की आतड्याच्या हालचालीला चालना मिळते आणि सहा ते बारा तासांत शौचास होते. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग अशा रीतीने एकदाच रिकामा झाल्यावर, दुसऱ्या दिवशी बाहेर पडण्याजोगे फारसे काही उरलेलेच नसते. त्या दिवशी शौचास झाले नाही म्हणून आपण पुन्हा चूर्ण घेता आणि हेच चक्र वर्षानुवर्षे चालू राहते. वास्तविक दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत शौचास होणे हे सारेच निरोगी मर्यादेत येते. मळ मऊ असावा आणि कुंथावे लागू नये, एवढेच पाहायचे. रोज सकाळी ठरल्या वेळी पोट साफ झालेच पाहिजे, हा आपल्या घराघरांतला आग्रह मला अनेक दुखण्यांचे मूळ वाटतो.

सोनामुखीने आतडे कायमचे निकामी होते असे मानण्याइतका पुरावा नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नये. परंतु मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते. आपली रक्तदाबाची गोळी लघवीचे प्रमाण वाढवणारी असेल, तर ही घट अधिक होते. म्हणून पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, तसेच रक्तदाबाची काही औषधे स्वतःच मलावरोध करतात. ती परस्पर बंद करू नयेत, पण पर्याय आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करावी.

आता ताटाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू असावेत. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते सुमारे १० ग्रॅम असतात, तर पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. न चाळलेली कणीक या बाबतीत ज्वारीच्या तोडीची आहे. आपण मात्र ती बारीक चाळणीने चाळतो आणि कोंडा बाजूला काढतो. दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ, एक पालेभाजी आणि दिवसातून एक पेरू एवढ्यात ही गरज बरीचशी भागते. हा बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा, नाहीतर पोट फुगते आणि माणूस उसळीलाच दोष देऊन मोकळा होतो.

याच काळात चूर्णाऐवजी एक मोठा चमचा इसबगोल भरपूर पाण्यातून घ्यावा आणि चूर्ण एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असे कमी करत न्यावे. इसबगोल पाणी शोषून फुगतो, म्हणून तो कोरडा किंवा घोटभर पाण्याबरोबर कधीही घेऊ नये. गिळताना त्रास होत असेल तर तो टाळावाच. हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते आणि सकाळच्या वेळी ती विशेष जोरकस असते. म्हणून न्याहारीनंतर वीसेक मिनिटांनी, घाई न करता आणि हातात मोबाइल न घेता बसावे. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा. उकिडवे बसल्यासारखी स्थिती झाल्याने गुदमार्ग सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही.

शौचावाटे रक्त जाणे, काळा मळ, कारणाविना वजन उतरणे, रक्तक्षय, किंवा शौचाच्या सवयीत अलीकडे अचानक झालेला बदल यांपैकी काहीही असेल, तर वरील सारे बाजूला ठेवून लगेच तपासणी करावी. आपल्या वयात यात दिरंगाई नको.

प्रश्न : मी नवरात्रात नऊ दिवस उपवास करते. तिसऱ्या दिवसापासून छातीत जळजळ सुरू होते आणि शौचास खडा होतो. दुकानातून पित्ताची गोळी आणून जळजळ झाली की घेते. उपवास सोडायचा नाही; काय करावे?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : उपवास सोडण्याची गरज नाही, फराळ मात्र बदलायला हवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तंतू नगण्य असतात. त्याच्या खिचडीत तूप आणि दाण्याचे कूट भरपूर पडते, आणि स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. सकाळपासून नुसत्या चहावर राहून रात्री उशिरा पोटभर खिचडी खाल्ली आणि लगेच आडवे झाले, तर आम्ल वर येणारच. खिचडी एखाद्याच दिवशी, दुपारी आणि थोडी खावी. एरवी राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची किंवा काकडीची कोशिंबीर, उकडलेले रताळे सालीसकट, फळे आणि ताक असा फराळ तीन-चार वेळा विभागून घ्यावा. रात्रीचे खाणे झोपण्याच्या तीन तास आधी उरकावे. भगर चालत असेल तर अख्खी, स्वच्छ आणि कोरडी पाहून आणावी आणि ताजी शिजवावी. दमट हवेत तिला बुरशी लागते, तिचे सुटे पीठही लवकर बिघडते आणि सणाच्या दिवसांत विषबाधा होते.

आपली गोळी पँटोप्राझोलच्या गटातली असेल, तर ती जळजळ झाल्यावर घेण्याची नाही. सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. उपवास नसतानाही जळजळ होत असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी डॉक्टरांना विचारावी. जठरव्रणाशी या जंतूचा संबंध दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले, आणि तो योग्य औषधांनी बहुधा पूर्ण नाहीसा करता येतो. उपवासाने डोके दुखते म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय असेल, तर ती मात्र आजच थांबवावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असल्यास घटस्थापनेच्या आधीच मात्रा ठरवून घ्यावी.

प्रश्न : सतरा वर्षांच्या मुलाला दूध प्यायले की पोटात गुडगुडते आणि जुलाब होतात, पण दही-ताक चालते. हे कसे?
— एक पालक, नांदेड

उत्तर : दुधातील साखर पचवणारे पाचकद्रव्य वाढत्या वयात अनेकांमध्ये कमी होते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वायू धरतो. विरजणातील जंतू तिच्यातील काही भाग आधीच संपवतात, म्हणून दही सोसते. हा आजार नव्हे. पुष्कळांना जेवणाबरोबर अर्धा कप दूध चालते, तेवढे करून पाहावे. उरलेल्या कॅल्शियमसाठी दही, पनीर, तीळ आणि नाचणी आहेच. १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. दोन आठवडे दूध पूर्ण बंद ठेवूनही जुलाब थांबले नाहीत किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर कारण वेगळे असू शकते आणि त्याला पोटविकारतज्ज्ञांकडे न्यावे.