वामेचा बुळबुळीत स्राव आणि जेलमधील हिरवी चमक

प्रश्न : वाम माशाच्या अंगावरील बुळबुळीत स्रावातील प्रथिने मी जेलवर (विजेच्या साहाय्याने प्रथिने आकारानुसार वेगळी करणारा लिबलिबीत थर) वेगळी करते. कूमासी रंगाने जेलच्या वरच्या भागात काहीच दिसत नाही. शर्करायुक्त प्रथिने दाखवणारे प्रो-क्यू एमरल्ड ३०० वापरले, तर सगळे जेलच हिरवट चमकते. यातले खरे काय मानावे?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : कूमासी प्रथिनाच्या साखळीला चिकटते. माशांच्या अंगावरील स्रावात म्युसिन ही प्रचंड आकाराची प्रथिने असतात आणि त्यांच्या साखळीवर शर्करांचे दाट आवरण असल्याने कूमासीला तिथे फारसा वाव मिळत नाही. शिवाय नेहमीच्या जेलमध्ये म्युसिन नीट शिरत नाही, नमुना भरण्याच्या खाचेपाशीच अडकते. म्हणून एरवी आपण सवयीने कापून टाकतो तो वरचा भाग या प्रयोगात जपून ठेवावा.

एमरल्डची रीत निराळी आहे. पिरियॉडिक आम्ल शर्करेतील लगतच्या दोन हायड्रॉक्सिल गटांमधील कार्बनचा बंध तोडते, तिथे अ‍ॅल्डिहाइड तयार होतात, आणि त्यांना जोडले गेलेले रंजक अतिनील प्रकाशात हिरवे दिसते. जेलमध्ये एसडीएस (प्रथिने उलगडण्यासाठी वापरलेले साबणासारखे द्रव्य) किंवा पिरियॉडिक आम्ल शिल्लक राहिले, तर पार्श्वभूमीही उजळते, आणि तुमच्या जेलचे दुखणे बहुधा हेच आहे. मिथेनॉल व अ‍ॅसिटिक आम्लाच्या द्रावणात जेल स्थिर करताना ते द्रावण एकदा बदलावे, शक्य तर रात्रभर ठेवावे, आणि पिरियॉडिक आम्लानंतर ३ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाने पुन्हा पुन्हा धुवावे. घाई नेमकी याच टप्प्यावर केली जाते. स्राव समुद्राच्या पाण्यात गोळा केला असेल, तर क्षार आधी काढावेत, कारण पोटॅशियममुळे एसडीएस साकळते आणि पट्टे वेडेवाकडे येतात.

एवढे करूनही, नुसत्या चमकेवरून शर्करा आहे असे ठरवू नये. शेजारच्या रकान्यांत शर्करायुक्त हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज आणि शर्कराविरहित बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन ही प्रथिने तुलनेसाठी चालवावीत, आणि जेलचा एक तुकडा पिरियॉडिक आम्लाशिवाय रंगवावा. त्यातही जो पट्टा चमकेल, तो सोडून द्यावा. छायाचित्र घेतल्यावर तेच जेल सायप्रो रुबी या रंजकाने रंगवले, तर सर्व प्रथिने नारिंगी-लाल दिसतात आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवून पाहता येतात. हा क्रम उलटा करू नये.

पीएनजीएज-एफ या विकराने शर्करा काढून पडताळणी करायची असेल, तर ते फक्त नायट्रोजनमार्गे जोडलेल्या शर्करा सोडवते हे ध्यानात ठेवावे. म्युसिनवरील बहुतेक शर्करा ऑक्सिजनमार्गे जोडलेल्या असतात. त्यामुळे विकर वापरूनही चमक टिकली, तरी तुमचा निष्कर्ष चुकला असे समजण्याचे कारण नाही.