पापलेट पडलं, बोंबील चालला

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. दोन वर्षं घरच्या मासळीच्या रेसिपींचं यूट्यूब चॅनल चालवतेय. मासळी दिवाळ्याच्या कोळणींकडून आणते. भरल्या पापलेटाच्या व्हिडिओसाठी मी आणि मुलगा चार दिवस खपलो, तो जेमतेम ४०० जणांनी पाहिला. आणि बोंबील कसे साफ करायचे, हा मुलाने ओट्यापाशी उभं राहून फोनवर सहज काढलेला व्हिडिओ ८५ हजारांवर गेला! मुलगा म्हणतो, आई, हे नशीब असतं. नवीन कॅमेरा घेतला तर फरक पडेल का?

उत्तर : ताई, कॅमेरा घेऊ नका. पदराला लावायचा छोटा माइक घ्या आणि बोलताना पंखा बंद ठेवा.

आता मूळ दुखणं. दोन्ही व्हिडिओ मी काल जेवण झाल्यावर लागोपाठ पाहिले. बोंबलाच्या व्हिडिओत सुरुवातीलाच ओला बोंबील आणि कात्री. ‘आधी डोकं, मग पर, मग शेपूट,’ असं म्हणत हात चालूसुद्धा. पापलेटाच्या व्हिडिओत आधी चॅनलचं नाव गोल फिरतं, मग सनई, मग ‘नमस्कार मंडळी’, मग बाजार, बाजारात पुन्हा नमस्कार. पापलेट दिसलं तेव्हा दोन मिनिटं दहा सेकंद उलटून गेली होती.

मी हसत नाहीये. नौपाड्यात १९ वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. कॅसेटच्या सुरुवातीला दीड मिनिट गणपती, मग चांदण्यांतून उडत येणारी वधूवरांची नावं, ही माझी खासियत. कधी कोणी कंटाळून उठलं नाही. उठणार कसे, लग्न त्यांचंच होतं! स्वतःचं चॅनल काढलं तेव्हा ती खोड बरोबर आली. उपवन, मासुंदा, कचराळी हे आपले तलाव नऊ दिवस पहाटे उठून टिपले आणि नाव दिलं ‘ठाणे : एक जलकाव्य’. ३४० जणांनी पाहिला, त्यातले निम्मे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे असतील. पुढच्याच आठवड्यात घरच्या मिक्सरचं भांडं खालून गळायला लागलं. त्याच्या तळातला बुश गेला होता. तो बदलताना काढलेला चार मिनिटांचा व्हिडिओ अजून रोज कोणीतरी बघतं. जलकाव्य शोधायला कोण जातंय? गळकं भांडं हातात आलं की मात्र माणूस आधी फोन उघडतो.

तुमच्या बोंबलाचंही तसंच झालं असावं. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलवाल्यांना आकडे दिसतात तिथे, त्या व्हिडिओचे प्रेक्षक कुठून आले ते बघा. बरेचसे ‘शोध’मधून आले असतील, तर प्रश्न त्यांचा होता, तुम्ही उत्तर दिलंत. भरलं पापलेट कोणी मागितलेलं नसतं. ते होम पेजवर दहा व्हिडिओंच्या गर्दीत समोर येतं आणि तिथे थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं बाहेरून दिसणारं छोटं चित्र, आणि शीर्षक बघून लोक ठरवतात. दाखवलेल्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं, तो टक्काही स्टुडिओत दिसतो. यूट्यूबच्याच म्हणण्याप्रमाणे निम्म्या चॅनलांचा आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो, तेव्हा तीन दिसले म्हणून रडू नका. तुमच्या थंबनेलमध्ये पाच ताटं आणि कोपऱ्यात तुमचा फोटो आहे. फोनवर त्यातलं पापलेट कुठलं, हे मला चष्मा लावूनही कळलं नाही.

पण नुसत्या क्लिकने भागत नाही. २०१२ पासून यूट्यूब लोक किती वेळ बघतात याला जास्त वजन देतं. लोक कुठवर बघत राहिले, तो आलेख स्टुडिओत उघडा, तिसाव्या सेकंदाला किती जण उरले तेही लिहिलेलं असतं. सुरुवातीलाच घसरगुंडी असेल तर तुमच्या पाककौशल्याला बोल लावू नका. लोकांनी ते पाहिलेलंच नाही.

हॅशटॅग, अमुक वाजताच व्हिडिओ टाका वगैरे, त्यात रात्री जागवू नका.

पापलेटही फुकट गेलेलं नाही. स्टुडिओतल्या एडिटरमध्ये सुरुवातीची दोन मिनिटं कापता येतात, लिंक आणि व्ह्यूज तेच राहतात. थंबनेल आणि शीर्षक तर कधीही बदला. मसाला भरलेलं एकच पापलेट, जवळून.

आणि बोंबलाच्या खालच्या कॉमेंट वाचा. तळताना मोडतो, असं तिघींनी विचारलंय. चिरून, उघडून, जड वस्तूखाली दाबून त्यातलं पाणी काढायचं, हे तुम्हाला झोपेतही येत असेल. तोच पुढचा व्हिडिओ. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की घरोघरी सुकट आणि सुके बोंबील निघतील, तेव्हा ते डब्यात कसे ठेवायचे, वास कसा घालवायचा, हे मेअखेर टाकून ठेवा.

राहता राहिलं ते गोल फिरणारं नाव. मुलाने हौसेने केलेलं दिसतंय, तेव्हा काढताना जरा जपून. त्याला सांगा, शेवटी टाकू. माझं आमच्या मुलीने केलं होतं, ते अजून काढायचं धाडस झालेलं नाही.