जुना फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, खानापूरकडच्या भातखाचरात आणि उसाच्या ट्रॉलीला जुना फोर-व्हील चालेल का. चालेल की! चिखलात पुढची चाकंही ओढतात, म्हणून मागची जागच्या जागी फिरून रुतत नाहीत. इंग्लंडच्या काउंटी कंपनीच्या ट्रॅक्टरला तर चारही चाकं सारखीच मोठी असायची. १९६३ साली त्यांच्या एका ट्रॅक्टरनं चक्क इंग्लिश खाडी पोहून पार केली!

पण घेताना पुढचे टायर नीट बघा. कंपनीनं ठरवलेल्या मापापेक्षा फरक असला तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, गिअरवर ताण येतो. डांबरी रस्त्यावर लिव्हर ओढून फोर-व्हील बंदच ठेवायचं. कारखान्याला ऊस नेताना आमच्याकडे हेच विसरतात, मग टायर झिजले म्हणून बोंब.